अमेरिकेत पोलिसांनी गाडी अडवली आणि गोळी झाडली, तर जाब कोण विचारतं?

अमेरिकेतल्या पोलिस गोळीबाराचा व्हिडिओ आपल्यापर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा अर्ध्या-एक मिनिटाचा. रस्त्याच्या कडेला उभी गाडी, खिडकीशी वाकलेला पोलिस, दोन-चार वाक्यं आणि मग गोळ्यांचे आवाज. काही महिन्यांनी बातमी येते की पोलिसावर गुन्हाच दाखल झाला नाही, किंवा झाला पण ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. त्याच बातमीत खाली असतं की शहराने मृताच्या कुटुंबाला लाखो डॉलर दिले. वाचणारा गोंधळून जातो. चूक नव्हती तर पैसे कशाचे? आणि चूक होती तर शिक्षा का नाही?

याचं कारण असं की अशा एका मृत्यूबद्दल तिथे चार वेगळे प्रश्न विचारले जातात, चार वेगळ्या ठिकाणी, चार वेगळ्या कसोट्यांवर. राज्यघटनेचा भंग झाला का? फौजदारी गुन्हा घडला का? कुटुंबाला भरपाई मिळावी का? त्या पोलिसाची नोकरी राहावी का? एकाचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं, आणि पुष्कळदा असतंच. पण या चौघांच्याही आधीचा एक प्रश्न आहे, जो कोर्टात जवळजवळ कधीच निकाली लागत नाही: ती गाडी मुळात अडवायला हवी होती का? मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सुरुवात तिथून करतो.

गाडी अडवायला किती कारण लागतं?

फार थोडं. अमेरिकेत दरवर्षी दोन कोटींहून अधिक गाड्या पोलिस अडवतात, म्हणजे दिवसाला पन्नास हजारांच्या वर. सामान्य अमेरिकन माणसाचा पोलिसांशी समोरासमोर संबंध येतो तो बहुतेक वेळा असाच. यातल्या बहुसंख्य प्रसंगांत काहीच वाईट घडत नाही. दंडाची पावती किंवा ताकीद मिळते आणि माणूस पुढे जातो.

पण अडवण्याचं खरं कारण आणि सांगितलेलं कारण एकच असायला हवं, असं कायदा म्हणत नाही. १९९६ मध्ये ‘व्रेन’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वाहतुकीचा कुठलाही नियम खरोखर मोडला असेल, तर पोलिसाच्या मनात काय होतं हे पाहायची गरज नाही. पोलिसाला ड्रग्जचा संशय आहे पण पुरावा काही नाही, अशा वेळी त्याने इंडिकेटर न दिल्याचं निमित्त करून गाडी थांबवली तरी ते राज्यघटनेत बसतं. आणि वाहतुकीचे नियम इतके आहेत की दहा मिनिटं कुणाच्याही मागे गाडी चालवली तर एखादा सापडतोच: एक ब्रेकलाइट बंद, नंबरप्लेटवरचा दिवा गेलेला, नोंदणीच्या स्टिकरची मुदत संपलेली, आरशाला काहीतरी लटकवलेलं. २०१४ मध्ये कोर्ट आणखी पुढे गेलं. नॉर्थ कॅरोलायनात एका पोलिसाने एक ब्रेकलाइट बंद म्हणून गाडी अडवली, आणि नंतर कळलं की त्या राज्याच्या कायद्याला एकच ब्रेकलाइट पुरतो. पोलिसाची ही गैरसमजूत ‘वाजवी’ होती, म्हणून अडवणंही वैध, असं कोर्टाने ठरवलं. नागरिकाला ‘मला नियम माहीत नव्हता’ म्हणून सहसा सुटका नाही; पोलिसाला मात्र ती सवलत मिळाली.

गाडी थांबली की चालकाला खाली उतरायला सांगता येतं (१९७७ चा निकाल), सोबतच्या प्रवाशांनाही (१९९७). बंधन कुठे येतं? २०१५ च्या ‘रॉड्रिगेझ’ निकालात. पावतीचं काम संपल्यावर, वेगळा संशय नसताना, कुत्रा आणून गाडी हुंगवण्यासाठी माणसाला थांबवून ठेवता येत नाही.

एवढी मोकळीक असेल तर ती कोणावर वापरली जाते, हे पाहावं लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सुमारे दहा कोटी नोंदी तपासून २०२० मध्ये एक निष्कर्ष मांडला. संध्याकाळी साधारण एकाच घटकेला वर्षातल्या काही दिवसांत उजेड असतो आणि काही दिवसांत अंधार. अंधारात चालकाचा रंग बाहेरून नीट दिसत नाही. अडवलेल्या चालकांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण उजेडात जास्त आणि अंधार पडल्यावर कमी निघालं. घड्याळ तेच आणि रस्ते तेच असताना फरक पडला तो चेहरा दिसण्याचा. भेदभाव मोजण्याची इतकी साधी आणि पक्की पद्धत मी दुसरी पाहिलेली नाही.

गोळी कधी झाडता येते?

याचं उत्तर दोन खटल्यांत आहे. पहिला ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’, १९८५. मेम्फिसमध्ये १९७४ साली एडवर्ड गार्नर नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा घरफोडी करून पळत होता. तो नि:शस्त्र असल्याची पोलिसाला बऱ्यापैकी खात्री होती. मुलगा कुंपणावर चढू लागला आणि पोलिसाने डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी मारली. मुलाकडे दहा डॉलर आणि एक पर्स सापडली. तेव्हाच्या टेनेसीच्या कायद्यात पळणाऱ्या गुन्हेगाराला थांबवण्यासाठी ‘आवश्यक ते सर्व उपाय’ करायला परवानगी होती. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, हे चालणार नाही. केवळ पळतोय म्हणून जीव घेता येत नाही. त्याच्यापासून कुणाच्या तरी प्राणाला किंवा शरीराला गंभीर धोका आहे, असं मानायला सबळ कारण हवं.

दुसरा खटला ‘ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर’, १९८९. आजही पोलिसांच्या बळाचा प्रत्येक वाद याच निकालाच्या मापाने मोजला जातो, आणि हा खटला एका अडवलेल्या गाडीचाच आहे. शार्लट शहरातल्या डेथॉर्न ग्रॅहॅम यांना मधुमेह होता. साखर उतरतेय असं वाटल्यावर मित्राच्या गाडीतून ते संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेले. रांग मोठी दिसली म्हणून घाईने बाहेर आले. ही घाई एका पोलिसाला संशयास्पद वाटली आणि त्याने गाडी अडवली. ग्रॅहॅम यांची शुद्ध जात होती. पोलिसांना वाटलं दारू प्यायला आहे. बेड्या पडल्या, ओढाताण झाली, पायाचं हाड मोडलं, खांद्याला इजा झाली, कानात सतत आवाज येऊ लागला. एका मित्राने आणलेला रसही पोलिसांनी त्यांना घेऊ दिला नाही. दुकानात काहीच घडलेलं नव्हतं, हे कळल्यावर त्यांना घरी सोडण्यात आलं.

या प्रकरणात कोर्टाने कसोटी घालून दिली ती अशी: बळाचा वापर ‘वस्तुनिष्ठपणे वाजवी’ होता का? म्हणजे पोलिसाचा हेतू चांगला की वाईट ते बाजूला ठेवायचं, आणि त्याच जागी, तेवढीच माहिती हाताशी असलेला एखादा समंजस पोलिस असाच वागला असता का, ते पाहायचं. नंतर कळलेल्या गोष्टींच्या आधारे न्याय करायचा नाही. पोलिसांना क्षणार्धात, ताणाखाली निर्णय घ्यावे लागतात, हे ध्यानात ठेवायचं. गुन्हा किती गंभीर होता, तात्काळ धोका होता का, माणूस प्रतिकार करत होता का किंवा पळत होता का, हे तपासायचं. ग्रॅहॅम यांच्या खटल्याची नव्याने सुनावणी झाली तेव्हा ज्युरीने पोलिसांच्याच बाजूने कौल दिला.

कसोटी कागदावर अवाजवी नाही. पोलिसाला खरोखरच क्षणात ठरवावं लागतं, हे कोण नाकारेल? अडचण आहे ती ‘क्षण’ कुठून मोजायचा यात. गोळीच्या आधीच्या दोन सेकंदांपासून, की गाडी अडवली तिथपासून?

दोन सेकंदांचा वाद

एप्रिल २०१६, ह्यूस्टनचा परिसर. अ‍ॅश्टियन बार्न्स हा तरुण मैत्रिणीने भाड्याने घेतलेली गाडी चालवत होता. त्या गाडीच्या नंबरवर टोल थकल्याची सूचना रेडिओवर आली होती. रॉबेर्तो फेलिक्स या अधिकाऱ्याने गाडी थांबवली, कागदपत्रं मागितली, गांजाचा वास येतोय असं म्हटलं, डिकी उघडायला लावली आणि बाहेर उतरायला सांगितलं. बार्न्सने दार उघडलं, पण खाली न उतरता गाडी चालू केली. गाडी हलू लागताच फेलिक्सने उडी मारून दाराच्या चौकटीवर पाय रोवला आणि पाय ठेवल्यापासून साधारण दोन सेकंदांत दोन गोळ्या झाडल्या. बार्न्सने गाडी थांबवली आणि तो तिथेच मरण पावला. गाडी हलल्यापासून थांबेपर्यंत गेले अवघे पाच सेकंद. मुळात टोल थकलेला होता.

बार्न्सच्या आईने दावा लावला. टेक्सास ज्या अपील कोर्टाखाली येतं, त्या पाचव्या सर्किटमध्ये एक नियम रूढ होता: धोक्याच्या नेमक्या क्षणाकडेच पाहायचं, त्याआधीचं काही मोजायचं नाही. त्या दोन सेकंदांत फेलिक्स चालत्या गाडीला लटकलेला होता, म्हणजे त्याच्या जिवाला धोका होता, म्हणजे गोळी वाजवी. तो लटकला कसा, कशासाठी, हे विचारायचंच नाही. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश हिगिनबॉटम यांना हे इतकं खटकलं की आपल्याच निकालाला जोडून त्यांनी वेगळं मत लिहिलं: नियम बंधनकारक आहे म्हणून हा निकाल देतोय, पण नियम चुकीचा आहे.

पुन्हा पुन्हा पाहावा असा क्रिकेटमधला धावबादचा निर्णय आठवा. पंच फक्त बेल्स उडाल्याचं चित्र पाहत नाही. वाटेत फलंदाजाला कुणी मुद्दाम अडवलं का, हेही पाहतो. पाचवं सर्किट फक्त बेल्सचं चित्र पाहत होतं.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने हा नियम रद्द केला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलं की संपूर्ण परिस्थिती पाहायची. घड्याळ शेवटच्या क्षणापाशी थांबवायचं नाही. आधी काय घडलं यावरूनच शेवटच्या क्षणाचा अर्थ लागतो. हे दुधारी आहे, हेही सांगायला हवं. आधीच्या घटना कधी पोलिसाच्या विरोधात जातील, कधी त्याच्या बाजूने. माणसाने आधी धमकी दिली असेल, तर शेवटची साधी हालचालही धोकादायक ठरू शकते.

मग तुरुंगात कोण जातं?

वर सांगितलं ते सगळं राज्यघटनेच्या भंगाबद्दल, म्हणजे दिवाणी दाव्यांबद्दल. फौजदारी खटला हे वेगळं प्रकरण आहे. तिथे त्या त्या राज्याचा फौजदारी कायदा लागतो, सहसा बारा नागरिकांची ज्युरी बसते, निकाल एकमताने व्हावा लागतो आणि गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो. पोलिस साक्ष देतो, ‘मला वाटलं आता मी मरणार’, आणि ज्युरीतल्या एकाला जरी ते पटलं तरी शिक्षा होत नाही.

फिलँडो कॅस्टिलचं प्रकरण यासाठी समजून घ्यावं. वय ३२, सेंट पॉलमधल्या एका शाळेच्या भोजनगृहात काम. तेरा-चौदा वर्षांत त्याला किमान ४६ वेळा अडवलं गेलं होतं, बहुतेक किरकोळ कारणांसाठी. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये जेरोनिमो यानेझ या पोलिसाने पुन्हा अडवलं. सांगितलेलं कारण ब्रेकलाइट. मनातलं कारण असं की चेहरा एका दरोड्यातल्या संशयितासारखा वाटला. गाडीत मैत्रीण होती, मागे तिची चार वर्षांची मुलगी. कॅस्टिलकडे परवानाधारक पिस्तूल होतं, आणि परवानाधारकांना शिकवतात त्याप्रमाणे त्याने स्वतःहून, शांतपणे सांगितलं, ‘सर, मला सांगायला हवं की माझ्याजवळ शस्त्र आहे.’ यानेझ म्हणाला, मग त्याला हात लावू नकोस. कॅस्टिल म्हणाला, मी ते काढत नाहीये. काही सेकंदांत सात गोळ्या सुटल्या. मैत्रिणीने पुढचं सगळं फेसबुकवर थेट दाखवलं.

यानेझवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. ज्युरीने पाच दिवस विचार केला आणि जून २०१७ मध्ये त्याला निर्दोष सोडलं. त्याच दिवशी तो ज्या शहराच्या पोलिस दलात होता त्याने जाहीर केलं की आता तो इथे काम करणार नाही. दहा दिवसांनी कॅस्टिलच्या आईशी सुमारे ३० लाख डॉलरची तडजोड झाली. आता पहिल्या परिच्छेदातला गोंधळ सुटतो. ज्युरीने ‘गोळीबार बरोबर होता’ असं म्हटलेलं नाही. गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध झाला नाही, एवढंच म्हटलं. नोकरीसाठी आणि भरपाईसाठी पुराव्याचं माप खालचं आहे. ‘कायद्यात बसणारं पण भयंकर’ असा एक वाक्प्रचार अमेरिकन पोलिस अधिकारीच अशा प्रसंगांसाठी वापरतात.

शिक्षा झालेली उदाहरणं आहेत, पण त्यांत एक साम्य दिसतं: पोलिसाने सांगितलेली हकीकत खोटी पाडणारा पुरावा हाती होता, किंवा पोलिसाने चूक स्वतःच कबूल केली होती. एप्रिल २०१५ मध्ये नॉर्थ चार्ल्सटन शहरात वॉल्टर स्कॉट यांना ब्रेकलाइटवरून अडवलं. ते पळाले. मायकल स्लॅगर या पोलिसाने मागून आठ गोळ्या झाडल्या आणि सांगितलं की त्यांनी माझा टेझर (विजेचा झटका देणारं शस्त्र) हिसकावला. एका वाटसरूने केलेलं चित्रण बाहेर आलं आणि ती कहाणी कोसळली. तरीही राज्याच्या कोर्टात ज्युरीचं एकमत झालं नाही. शेवटी नागरी हक्कांच्या केंद्रीय गुन्ह्यात त्याने कबुली दिली आणि डिसेंबर २०१७ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. केंद्रीय कायद्यात ‘जाणूनबुजून’ हक्क हिरावला हे सिद्ध करावं लागतं. घाबरून, निष्काळजीपणे केलेला गोळीबार त्यात बसत नाही. म्हणून असे खटले कमीच होतात.

२०२१ मध्ये मिनेसोटातच किम पॉटर यांनी वीस वर्षांच्या डाँटे राइटवर टेझर समजून पिस्तूल चालवलं. अडवण्याचं कारण: नोंदणीच्या स्टिकरची मुदत संपलेली आणि आरशाला लटकवलेलं सुगंधी कागदाचं झाड. त्यांनी कॅमेऱ्यासमोर लगेच चूक कबूल केली, दोषी ठरल्या आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. आणि सिनसिनाटीत, २०१५ मध्ये, पुढची नंबरप्लेट नसल्यामुळे अडवलेल्या सॅम्युअल डुबोस यांना विद्यापीठाच्या पोलिसाने डोक्यात गोळी मारली. गाडीने मला फरफटत नेलं, हा त्याचा दावा त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यात दिसला नाही. तरी दोन्ही वेळच्या खटल्यांत ज्युरीचं एकमत झालं नाही, आरोप मागे घेतले गेले, आणि पुढे विद्यापीठाने त्या पोलिसालाच थकीत पगार आणि वकिलाच्या खर्चापोटी जवळपास साडेतीन लाख डॉलर दिले. हे लिहिताना मला संताप येतो आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२१ मध्ये मोजून दाखवलं की आधीच्या पाच वर्षांत पोलिसांनी अडवलेल्या किंवा पाठलाग केलेल्या गाड्यांमधले ४०० हून अधिक चालक आणि प्रवासी मारले, ज्यांनी बंदूक किंवा सुरा उगारला नव्हता आणि जे हिंसक गुन्ह्यासाठी हवेही नव्हते. दोषी ठरलेले पोलिस होते पाच.

एक रचनेतली अडचणही आहे. गुन्हा दाखल करायचा की नाही हे बहुतेक ठिकाणी स्थानिक सरकारी वकील ठरवतो, आणि त्याचं रोजचं काम त्याच पोलिसांच्या साक्षींवर चालतं. चांगला माणूस असला तरी हे ओझं असतंच. काही राज्यांनी म्हणून तपास बाहेरच्या यंत्रणेकडे दिला आहे.

दिवाणी दावा आणि त्यातली भिंत

१८७१ साली, यादवी युद्धानंतर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या दहशतीला आळा घालण्यासाठी केलेल्या कायद्यामुळे, सरकारी अधिकाऱ्याने घटनात्मक हक्क मोडला तर त्याच्यावर थेट दावा लावता येतो. हक्क जुना आणि भक्कम आहे. पण सुप्रीम कोर्टाने १९६७ पासून त्यासमोर हळूहळू एक भिंत बांधली, तिचं नाव ‘क्वालिफाइड इम्युनिटी’. हा नियम संसदेने केलेला नाही. न्यायाधीशांनी केलेला आहे. तो असा: पोलिसाने हक्क मोडला असला, तरी त्याचं वागणं घटनाबाह्य आहे हे त्या वेळी ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ नसेल, तर दावा रद्द. म्हणजे जवळपास तशाच प्रसंगात आधी कुठल्या तरी कोर्टाने ‘हे चूक’ असं म्हटलेलं हवं. तसा निकाल नसेल तर हा पोलिस सुटतो. २००९ पासून तर कोर्टाला हक्क मोडला की नाही हे न सांगताच दावा रद्द करता येतो. मग पुढच्या पोलिसासाठीही निकाल तयार होत नाही, आणि हे चक्र तसंच चालू राहतं.

२०१५ चं ‘मुलेनिक्स’ प्रकरण पाहा. टेक्सासमध्ये पाठलाग चालू होता. पुढे रस्त्यावर टायर फोडणारे काटे अंथरलेले होते. तरी एका पोलिसाने पुलावरून सहा गोळ्या झाडल्या. चालत्या गाडीवर असं मारण्याचं प्रशिक्षण त्याला नव्हतं, आणि काटे काम करतात का ते आधी बघ, असं वरिष्ठ सांगत होते. चालक गोळ्यांनी मेला. सुप्रीम कोर्टाने त्या पोलिसाला इम्युनिटी दिली. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी एकटीने विरोधात लिहिलं की याने ‘आधी गोळी, मग विचार’ या वृत्तीला मान्यता मिळते. वर्षभर आधीच्या ‘प्लमहॉफ’ खटल्यात तर सुरुवात एका बंद हेडलाइटने झाली आणि शेवट पंधरा गोळ्या आणि दोन मृत्यूंनी. कोर्टाचं म्हणणं होतं की धोका संपेपर्यंत पोलिसांनी गोळीबार थांबवायची गरज नाही.

शहरावरच दावा लावायचा, तर १९७८ च्या निकालानुसार एखाद्या कर्मचाऱ्याची चूक पुरत नाही. शहराचं धोरण किंवा रूढ पद्धतच चुकीची होती हे दाखवावं लागतं. आणि यातूनही पैसे मिळाले तर ते कोण भरतं? प्राध्यापक जोॲना श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये मोठ्या शहरांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पीडितांना मिळालेल्या रकमेपैकी पोलिसांच्या स्वतःच्या खिशातून गेलेला भाग निघाला ०.०२ टक्के. बाकी सगळा करदात्यांचा किंवा विम्याचा पैसा. इम्युनिटी नसेल तर पोलिस कंगाल होतील, हा युक्तिवाद या आकड्यापुढे टिकत नाही असं मला वाटतं.

भीती खरी आहे, पण केवढी?

गाडीजवळ जाणाऱ्या पोलिसाची भीती नाटकी नसते. देशात बंदुका अमाप आहेत, काचेआड कोण बसलंय ते दिसत नाही, आणि अशा प्रसंगी पोलिस मारलेही गेले आहेत. १९९८ मध्ये जॉर्जियात अडवलेल्या चालकाने एका तरुण पोलिसाला गोळ्या घातल्या. त्याच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुढे कित्येक प्रशिक्षण वर्गांत दाखवलं गेलं. पण कायद्याचे अभ्यासक जॉर्डन वूड्स यांनी फ्लोरिडातल्या दोनशेहून अधिक पोलिस दलांच्या दहा वर्षांच्या नोंदींवरून काढलेला हिशेब सांगतो की साध्या वाहतुकीच्या कारणासाठी अडवलेल्या गाडीत पोलिसाचा खून होण्याचं प्रमाण सुमारे ६५ लाखांत एक आहे. प्रशिक्षणात दिसतो तो एक प्रसंग. उरलेले लाखो कंटाळवाणे प्रसंग कुणी दाखवत नाही. आणि कायदा ‘समंजस पोलिसाची’ भीती मोजतो, तेव्हा त्या समंजसपणाचं माप याच प्रशिक्षणातून तयार होतं.

उलट बाजूने नागरिकांना सल्ले दिले जातात: हात स्टिअरिंगवर ठेवा, आतला दिवा लावा, खिशात हात घालण्याआधी सांगा, वाद रस्त्यावर नको, कोर्टात घाला. तिथे गाडी चालवणाऱ्याने ते पाळावेतच. तपासणीला ‘माझी संमती नाही’ असं शांतपणे म्हणता येतं, हेही लक्षात ठेवावं. पण कॅस्टिल विनयाने बोलला होता आणि शस्त्राबद्दल आधीच सांगूनही बसला होता, त्यामुळे सगळी जबाबदारी चालकाच्या वागण्यावर टाकणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

बदल कुठून होतोय?

जिथे फरक पडलाय तो बहुधा कोर्टात नाही, नियमपुस्तकात पडलाय. न्यूयॉर्क शहराच्या पोलिस दलाने १९७२ मध्येच नियम केला की गाडीखेरीज दुसरं शस्त्र नसेल तर चालत्या गाडीवर गोळी झाडायची नाही, बाजूला व्हायचं. त्यानंतर तिथला गोळीबार एकूणच झपाट्याने कमी झाला. असा नियम मोडला तर नोकरीवर कारवाई होऊ शकते, आणि त्यासाठी ना ज्युरी लागते ना जुना निकाल. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा बदलला. प्राणघातक बळ आता ‘आवश्यक’ असायला हवं, आणि पोलिसाचं आधीचं वागणंही मोजलं जातं. कोलोरॅडोने २०२० मध्ये राज्याच्या कोर्टात पोलिसांसाठी क्वालिफाइड इम्युनिटीचा बचावच काढून टाकला.

मुळावर घाव घालणारे बदल मात्र गाडी अडवण्याबद्दलचे आहेत. व्हर्जिनियाने २०२१ पासून काही किरकोळ कारणांसाठी गाडी अडवायला मनाई केली, फिलाडेल्फियाने २०२२ पासून. पत्राने दंड पाठवा, माणसाला रस्त्यात थांबवू नका. यानेझवर खटला भरणारे सरकारी वकील जॉन चॉय यांनी २०२१ मध्ये जाहीर केलं की सार्वजनिक सुरक्षेशी संबंध नसलेल्या कारणासाठी गाडी अडवून केलेल्या झडतीतून निघालेले गुन्हे आपलं कार्यालय सहसा कोर्टात नेणार नाही. त्यांनी कॅस्टिलच्या प्रकरणातून घेतलेला धडा शिक्षा वाढवण्याचा नव्हता, मुळात गाड्या अडवणंच कमी करण्याचा होता. मला तो बरोबर वाटतो. हे बदल टिकतीलच असं नाही: २०२३ मध्ये टायर निकोल्स यांचा पोलिसांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर मेम्फिसने असेच नियम केले, आणि २०२४ मध्ये टेनेसी राज्याने कायदा करून ते निष्प्रभ केले.

बार्न्स निकालातही एक प्रश्न जाणूनबुजून उघडा ठेवला आहे. पोलिसाने धोका स्वतःच ओढवून घेतला असेल, तर त्याचं वजन किती धरायचं? खालच्या कोर्टांनी हे तपासलंच नव्हतं, म्हणून सुप्रीम कोर्टाने उत्तर दिलं नाही. न्यायमूर्ती कॅव्हनॉ आणि आणखी तिघांनी वेगळ्या मतात लिहिलं की पळणारा चालक इतरांसाठीही धोका असतो, आणि पोलिसाने त्याला सोडून द्यावं असं म्हणणं सोपं नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की गाडीचा नंबर फेलिक्सकडे आधीपासूनच होता, कारण तो नंबर पाहूनच त्याने गाडी थांबवली होती. थकलेल्या टोलसाठी माणूस दुसऱ्या दिवशी घरी सापडला असता. देशभरातल्या खालच्या कोर्टांना आता, एकेका प्रकरणात, या दोन म्हणण्यांमधून निवड करावी लागणार आहे.